न आलेल्यांची यादी

तेराशे अठ्ठ्याहत्तर क्वेऱ्यांपैकी नऊशे चौथी उघडली तेव्हा दुपारचे सव्वातीन झाले होते आणि यादीवाल्यांच्या चहावर साय धरली होती. कालपासून ते एकच काम करत होते. क्वेरी उघडायची, ती कुठल्या फाइलीतून माहिती घेते ते पहिल्या पानावर वाचायचं, बंद करायची, कागदावर फुली मारायची, की पुढची. मान आखडली होती. डोळे चुरचुरत होते, आणि डोळ्यांच्या इस्पितळात सत्तावीस वर्षं नोकरी करून आपण स्वतःचे डोळे एकदाही तपासून घेतलेले नाहीत, हा विचार नेहमीसारखा येऊन नेहमीसारखा निघूनही गेला होता. नऊशे चौथ्या क्वेरीच्या पहिल्या पानावर तेच नाव होतं, जे शोधायला त्यांना बसवलं होतं: तारखांची जुनी फाइल. सापडली एकदाची, म्हणून त्यांनी फुलीऐवजी बरोबरची खूण केली आणि सवयीनं खाली पाहिलं. क्वेरी शेवटची कधी चालली ते तिथे लिहिलेलं असतं. आधीच्या नऊशे तीनमधल्या बहुतेक कधीच्याच गप्प झाल्या होत्या. कुणी सहा वर्षांपूर्वी, कुणी अकरा. ही याच महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी आठ वाजता चालली होती. त्याआधीच्या महिन्यातही चालली होती, त्याच्याही आधीच्या महिन्यात. यादीवाल्यांनी कप उचलला, साय पाहून परत ठेवला. 

यादीवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. पण इस्पितळात कुणालाही कसलीही यादी हवी झाली, शस्त्रक्रियेची वाट पाहणाऱ्यांची, चष्मा बदलून मागणाऱ्यांची, दोनदोनदा तक्रार करणाऱ्यांची, तर ती मागायला तिसऱ्या मजल्यावरच्या या बिनखिडकीच्या खोलीत यावं लागे, आणि मागणाऱ्यांना त्यांचं नाव लक्षात ठेवायची गरज पडत नसे. क्वेरी म्हणजे तरी दुसरं काय, मशीनला एकदा विचारून साठवून ठेवलेला प्रश्न. दर वेळी नव्यानं विचारायला नको म्हणून नाव देऊन ठेवून द्यायचा. पण माणसं कुठलीच गोष्ट टाकून देत नाहीत, मग प्रश्न तरी कशाला टाकतील? एकानं ठेवलेला प्रश्न दुसरा उचलतो, त्यात थोडं इकडचं तिकडे करतो आणि स्वतःचा म्हणून वेगळ्या नावानं ठेवतो. त्यामुळे इथे 'मोतीबिंदू' होती, 'मोतीबिंदू२' होती, 'मोतीबिंदूनवी' होती, 'मोतीबिंदूखरी' होती, आणि कुणा वैतागलेल्याची 'मोतीबिंदूहीचखरी'ही होती. ठेवणारे बदलून गेले, निवृत्त झाले, दोघं तर वारले. त्यांचे प्रश्न राहिले. पुढच्या महिन्यात आता सगळाच कारभार नव्या सिस्टीमवर जायचा होता. मॅडम, म्हणजे विभागप्रमुख, यादीवाल्यांपेक्षा सतरा वर्षांनी लहान, मंगळवारी सकाळी दारातूनच म्हणाल्या होत्या की तारखांची ही जुनी फाइल रिकामी पडलीय, शुक्रवारी काढून टाकू, फक्त ती कुठल्या क्वेऱ्या वापरतात तेवढं बघून ठेवा. तेवढं म्हणायला सोपं होतं. मशीनला क्वेरीचं नाव माहीत असतं, मालक माहीत असतो, पण तिच्या पोटात काय आहे ते ते सांगत नाही. ज्याला हवं त्यानं एकेक गाठोडं सोडून बघावं. एका गाठोड्याला चाळीस सेकंद. यादीवाल्यांनी नुसती मान हलवली. चार महिन्यांवर निवृत्ती आलेल्या माणसाला नाही म्हणायचाही कंटाळा येतो.

नऊशे चौथीचं नाव होतं 'नआले'. हिच्यापुढे दोन नव्हतं, नवी नव्हतं, खरी नव्हतं. हिची नक्कल कुणी केली नव्हती, कारण ही यादी एकाच बाईंना लागायची. काचबिंदूच्या पेशंटना दर सहा महिन्यांनी डोळ्यातला दाब मोजायला बोलावतात. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. तो कडेकडेनं नजर खात येतो आणि माणसाला वाटत राहतं की आपलं सगळं ठीक चाललंय. त्यामुळे तारीख चुकवणारे फार. तारीख उलटूनही जे आले नाहीत त्यांची यादी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी निघायची, आणि फोनवाल्या सिस्टर ती मांडीवर घेऊन बसायच्या. त्यांचा आवाज तीन खोल्यांपलीकडे पोचायचा. काय हो, डोळे नकोयत का तुम्हाला, नको असतील तर तसं लिहून द्या, मी फाइलीला लावते. दुसऱ्या दिवशी माणूस खाली मान घालून हजर. पुढे, आठेक वर्षांपूर्वी, सिस्टर निवृत्त झाल्या आणि यादी खाली काउंटरवर जायला लागली, असं यादीवाल्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. एवढं सगळं आठवायला त्यांना क्षणभरही लागला नाही. वेळ लागला तो पुढच्या गोष्टीला. ही क्वेरी दर महिन्याला चालते. ती ज्या फाइलीतून वाचते ती रिकामी आहे. मग दर महिन्याला यादीत येतं काय? त्यांनी फाइलीची माहिती उघडली. नोंदी शून्य. तयार केली आठ वर्षांपूर्वी, एका शुक्रवारी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी. करणाऱ्याचं नाव त्यांचंच होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ते हेच.

तो शुक्रवार त्यांना चक्क आठवत होता. तेव्हाही असंच एक स्थलांतर चाललं होतं, आजची जुनी सिस्टीम तेव्हा नवी होती. सगळ्या तारखा नव्या नावाच्या फाइलीत गेल्या होत्या आणि साठवलेले प्रश्न बापडे जुन्याच नावानं हाका मारत होते. फाइल सापडत नाही, म्हणून मशीन दर दहा मिनिटांनी ओरडायचं, आणि मशीन ओरडलं की खालून फोन यायचे. अशा वेळेची एक युक्ती त्या खोलीत पिढ्यान्पिढ्या चालत आली होती. यादीवाल्यांनी ती स्वतः चार जणांना शिकवली होती. जुन्या नावाची एक रिकामी फाइल करून ठेवायची. क्वेरीला फाइल मिळते, ती गप्प होते. उत्तर शून्य येतं, पण आरडाओरडा थांबतो; रडत्या पोराच्या तोंडात नुसतीच चोखणी द्यावी तसं. मग सवडीनं एकेक क्वेरी नव्या फाइलीकडे वळवायची. त्या आठवड्यात त्यांनी चाळीस वळवल्या होत्या. एक्केचाळिसावी, शेवटची उरलेली, सोमवारी करू म्हटलं होतं. नवे बूट चावत होते, त्या दिवशी टाचेला फोड आला होता, आणि आपण आता घरी गेलो नाही तर इथेच खुर्चीत बसल्या बसल्या झोपू, असं वाटत होतं. हे सगळं त्यांना आठवत होतं. सोमवार आठवत नव्हता. त्यांनी डोळे मिटून तो सोमवार शोधला. आई गेली ते वेगळं वर्ष. मुलीच्या लग्नाची गडबड त्यानंतरची. तापानं पडले होते का? नव्हते. त्या सोमवारी काहीही झालं नव्हतं. ते कामावर आले असतील, कुणीतरी वेगळी यादी मागितली असेल, मशीन शांत होतं, आणि शांत मशीनकडे कोण बघतं? काहीतरी मोठं कारण मिळालं असतं तर त्यांना फार बरं वाटलं असतं. कारण मिळालं ते एवढंच की आपण दमलो होतो, आणि आजही तितकेच दमलेले आहोत.

मग अक्का आठवली. खरं तर ती केव्हाच आठवली होती, ते तिला दारातच थोपवून उभे होते. अक्का त्यांची थोरली बहीण, सहा वर्षांनी मोठी, दोन गल्ल्यांपलीकडे मुलाकडे राहणारी. तिचा डावा डोळा गेलेला, उजव्यानं तिला नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं. तिलाही काचबिंदू. ती पूर्वीही तारखा चुकवायची, पण फोनवाल्या सिस्टरचा फोन आला की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी रांगेत. सात वर्षांपूर्वी तिनं एक तारीख चुकवली आणि नंतर ती साडेतीन वर्षं फिरकलीच नाही. आली ती दाराच्या चौकटीवर आपटून कपाळ फुटलं तेव्हा. डॉक्टरांनी तपासून हातातलं पेन खाली ठेवलं होतं, आणि यादीवाल्यांना त्या पेन ठेवण्यावरूनच सगळं कळलं होतं. पण पुढे हळूहळू, घरात जसं होतं तसं, त्याचीही थट्टा झाली. कुणी दूध आणायला विसरलं, कुणाची गाडी चुकली, की म्हणायचं, अक्काची तारीख झाली. हा शब्दप्रयोग यादीवाल्यांचाच. भाचा तो वापरायचा, भाचेसून वापरायची, यादीवाल्यांची मुलगी परगावाहून फोनवर वापरायची. अक्कासुद्धा हसायची. माझंच चुकलं, असं ती आल्यागेल्याला स्वतःहून सांगायची, कुणी विचारायच्या आत. भाचा तिच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागला होता, जणू डोळ्यांबरोबर कानही गेले आणि अक्कलही. एकदाच, त्या पेन ठेवण्याच्या दिवशी, इस्पितळाच्या बाकावर बसून ती म्हणाली होती की मला फोन नाही आला रे. आणि ते म्हणाले होते, अक्का, डोळे तुझे आणि आठवण त्यांनी ठेवायची होय? शेजारी बसलेली दोन माणसं हसली होती. यादीवाल्यांना तेव्हा आपण बरं बोललो असं वाटलं होतं.

ते जिना उतरून खाली गेले. भिंतीला कमरेइतक्या उंचीवर लाकडी कठडा होता, कमी दिसणाऱ्यांना धरून चालायला. सत्तावीस वर्षांत त्यांनी त्याला हात लावला नव्हता, आज लावला. काउंटरवरच्या बाई चाळिशीच्या, टापटिपीच्या, कुठलाही कागद पाच मिनिटांत काढून देणाऱ्या. न आलेल्यांची यादी म्हणताच त्यांनी खालच्या कप्प्यातून जाड फाइल काढली. दर महिन्याचा एक कागद, वर ठसठशीत मथळा, खाली 'नोंदी: शून्य', आणि त्याखाली बाईंच्या सुबक अक्षरात 'निरंक' आणि सही. एकावर एक अठ्ठ्याण्णव कागद. यादीवाल्यांनी विचारलं की कधी काही वेगळं आलं होतं का. बाई म्हणाल्या, नाही हो, एकदाही नाही, आपले काचबिंदूचे पेशंट फार शिस्तीचे आहेत, मोठे डॉक्टर दरवर्षीच्या सभेत आवर्जून सांगतात. त्यात बाईंचं काय चुकलं? कागद आला, शून्य होतं, त्यांनी निरंक लिहिलं. वाईट बातमी नाही याचा अर्थ बातमीच आलेली नाही, असा घेणारं माणूस त्यांनी तरी कुठे पाहिलं होतं. यादीवाल्यांनी फाइल परत दिली, आभार मानले, आणि वर जाताना एका म्हाताऱ्याला वाट दिली, जो पट्टी बांधलेल्या डोळ्याच्या बाजूनं त्यांच्यावर आदळणार होता.

खोलीत येऊन त्यांनी 'नआले' उघडली, जुन्या फाइलीचं नाव खोडून नव्या फाइलीचं घातलं आणि चालवली. काम चाळीस सेकंदांचंच होतं. सहाशे अकरा नोंदी आल्या. सहाशे अकरा माणसं, ज्यांची तारीख होऊन गेली होती आणि जी अजून आली नव्हती. सगळ्यांत वरच्याची तारीख आठ वर्षांपूर्वीची, सगळ्यांत खालच्याची गेल्या महिन्यातली. अक्का त्यात नव्हती, कारण ती उशिरा का होईना आली होती. इथे थांबायला हरकत नव्हती. पण मशीनला तारीख बदलूनही विचारता येतं, समज की आज सात वर्षांपूर्वीचा अमुक सोमवार आहे, मग तेव्हा यादीत नव्यानं कोण आलं असतं? त्यांनी तो सोमवार घातला. बोट बटणावर ठेवून ते बराच वेळ बसले. चोराच्या मनात चांदणं. खोलीत कुणी नसताना त्यांनी मागे वळून पाहिलं. मग दाबलं. चौदा नावं आली. सहावं अक्काचं होतं, पुढे तिच्या घरचा नंबर, जो त्यांना पाठ होता, जो अजूनही तोच होता. तारीख उलटून तेव्हा तिला अकराच दिवस झाले होते. अकरा दिवसांत काय बिघडतं, काही बिघडत नाही. एक फोन गेला असता तर ती दुसऱ्या दिवशी रांगेत उभी राहिली असती. यादीवाल्यांना रडू आलं नाही. फक्त ती चौदा नावं त्यांनी तीन वेळा वाचली आणि मग पडदा बंद केला.

घरी बायकोनं चेहरा बघूनच ओळखलं आणि जेवणं होईपर्यंत विचारलं नाही. विचारल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि टेबल पुसत होती. पुसून झालेलं टेबल पुन्हा पुसत होती. ती वाईट बाई नव्हती. तिचं म्हणणं एवढंच की शुक्रवारी ती फाइल जाणार आहे, क्वेऱ्याही जाणार आहेत, कुणाला काही कळणार नाही, आणि तुम्हाला चार महिने राहिलेत. "वन्संना सांगून त्यांचा डोळा परत येणारे का?" असं तिनं विचारलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. यादीवाले गॅलरीत जाऊन उभे राहिले. समोरच्या इमारतीत कुणीतरी बाई खिडकीची काच पुसत होती, आतून पुसून झाल्यावर हात बाहेर काढून बाहेरूनही. त्यांना वाटलं, गुपचूप एक करता येईल, क्वेरी नव्या फाइलीकडे वळवलेलीच आहे, तशीच राहू द्यावी. पहिल्या सोमवारी आपोआप सहाशे अकरांची यादी निघेल आणि ज्याचं काम तो बघून घेईल. पण पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपर्यंत ही सिस्टीमच राहणार नव्हती. म्हणजे तोंड उघडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि तोंड उघडायचं तर अर्धं उघडता येत नाही. त्या सहाशे अकरांतल्या कुणाची पाऊण नजर अजून शिल्लक असेल, कुणाची निम्मी. ती आत्ताही, ते इथे उभे असताना, कडेकडेनं जात असेल आणि त्या माणसाला पत्ताही नसेल. असं वाटलं आणि ते आत आले. बायकोला म्हणाले, उद्या सांगतो. कुणाला, ते तिनं विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी मॅडमनी त्यांचं सगळं बोलणं खुर्चीत न हलता ऐकून घेतलं. यादीवाल्यांनी कागद पुढे ठेवला: फाइल वापरणाऱ्या क्वेऱ्या, एक. त्याखाली आठ वर्षांची हकिकत, त्याखाली सही. मॅडमनी तो वाचला, मग उलटा ठेवला, मग पुन्हा सुलटा केला. त्या रागावतील असं त्यांना वाटलं होतं, रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी दमलेल्या आवाजात विचारलं की हे तुम्ही मला सांगितलं नसतं तर मला कधी कळलं असतं? यादीवाले म्हणाले, कधीच नाही.  हे वर जाईल, तुम्हाला लेखी विचारणा होईल, निवृत्तीच्या कागदांना उशीर होईल, एवढं धरून चाला, असं त्यांनी सांगितलं, आणि मग त्यांना खरी अडचण सुचली: सहाशे अकरा फोन करणार कोण? काउंटरवर माणूस नाही, वॉर्डात सिस्टर नाहीत. "मी करतो," यादीवाले म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला फोनवर अनोळखी माणसांशी बोलायचं म्हटलं की घाम फुटतो, म्हणूनच तर आपण जन्मभर या खोलीत बसलो.

संध्याकाळी इस्पितळातून ते थेट अक्काकडे गेले. भाचा कामावरून यायचा होता, सून बाहेर गेली होती. अक्का खिडकीशी बसून शेंगा सोलत होती, बोटांनी चाचपत, एकही दाणा खाली न पाडता. ते आल्याचं तिला पावलांवरून कळलं. त्यांनी ठरवलं होतं की आधी इकडचं तिकडचं बोलायचं, पण इकडचं तिकडचं काही सुचेना. त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. रिकामी फाइल म्हणजे काय ते तिला समजेल असं सांगितलं, चाळीस वळवल्या आणि एक राहिली ते सांगितलं, चौदा नावं सांगितली आणि त्यातलं सहावं सांगितलं. नवे बूट चावत होते ते मात्र सांगितलं नाही. अक्काचे हात थांबले होते.

"म्हणजे मी विसरले नव्हते?" तिनं विचारलं.

"विसरली होतीस, अक्का. पण विसरणाऱ्यांना हाक मारायची म्हणून ती यादी होती. ती मी बंद केली."

 अक्कानं चेहरा त्यांच्याकडे वळवला, मग थोडा आणखी वळवला, ते तिच्या नळीत नीट येईपर्यंत. तिनं आपल्याला असं शोधून काढून बघावं, हे त्यांना सहन होईना, पण ते जागेवरून हलले नाहीत.

"डोळ्याचं एक असो," ती म्हणाली. "तू हसायचास मला. सगळ्यांना हसायला शिकवलंस."

 माफ कर, असं ते म्हणाले, आणि तो शब्द खोलीत अगदी नवखा वाटला. अक्कानं माफ केलं असं म्हटलं नाही. तिनं शेंग उचलली, ती न सोलता हातात धरून ठेवली. मग जे तिनं सांगितलं ते तिनं सात वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. तारीख गेल्याचं तिला पंधरा-वीस दिवसांनी आठवलं होतं. जायला निघाली होती. पण फोन आला नाही म्हटल्यावर तिला वाटलं, आपल्याला वगळलं, आता कुठल्या तोंडानं जायचं? पुढच्या महिन्यात जाऊ म्हटलं, तोवर आणखी उशीर झाला. जितका उशीर, तितकी लाज. ओरडणारं माणूस असलं की जाता येतं रे, ती म्हणाली, ओरडा खाल्ला की फिटलं. कुणी ओरडलंच नाही तर माणूस दारातून परत फिरतं. दोनदा मी फाटकापर्यंत येऊन गेले. तू वर तिसऱ्या मजल्यावर होतास.

यादीवाले खाली जमिनीवरच बसले. त्यांच्या गुडघ्यांना ते मानवत नसे, पण खुर्ची लांब होती.

"उद्या फोन करशील ना त्या लोकांना," अक्का थोड्या वेळानं म्हणाली, "तेव्हा आधी तारीख देऊ नकोस. आधी सांग की चूक तुमची होती. म्हणजे इस्पितळाची. नाहीतर नाही यायची ती माणसं." आणि मग, भाच्याची गाडी खाली थांबल्याचा आवाज आला तेव्हा, ती म्हणाली की त्याला पण तूच सांग, आत्ता, माझ्यासमोर, आणि हळू आवाजात सांग, मला ऐकू येतं म्हणावं. यादीवाल्यांनी सांगितलं. भाच्यानं ऐकलं, आणि कितीतरी वर्षांनी तो आईशी साध्या आवाजात बोलला. म्हणजे काहीच बोलला नाही, नुसता तिच्या शेजारी बसून शेंगा सोलायला लागला. यादीवाले उठले. अक्का त्यांना दारापर्यंत पोचवायला आली नाही.

शुक्रवारी सकाळी मॅडमनी तारखांची जुनी फाइल काढून टाकली. काही ओरडलं नाही. यादीवाल्यांना खाली, काउंटरमागच्या अडगळीच्या खोलीत एक टेबल आणि एक फोन दिला होता. काउंटरवरच्या बाईंनी न बोलता पाण्याची बाटली आणून ठेवली. त्यांचे डोळे सुजलेले होते, अठ्ठ्याण्णव निरंक त्यांच्याही सहीचे होते. यादी समोर होती, एकोणीस पानं. सगळ्यांत वर आठ वर्षांपूर्वीचा माणूस, तेव्हा त्रेपन्न वर्षांचा. यादीवाल्यांनी नंबर फिरवला, चुकला, पुन्हा फिरवला. तळहाताला घाम आला होता. पलीकडे बराच वेळ घंटा वाजत राहिली, आणि आता कुणी उचलणार नाही असं वाटून त्यांना जरा सुटल्यासारखं झालं, तेवढ्यात फोन उचलला गेला. त्यांनी नाव विचारलं. हो, मीच, असं तो माणूस म्हणाला, आवाज जाड आणि थोडा सावध. यादीवाल्यांनी इस्पितळाचं नाव सांगितलं. पलीकडून काहीच आलं नाही, फक्त श्वास. यादीवाल्यांना ती शांतता ओळखीची वाटली.

"चूक आमची आहे," ते म्हणाले. "तुमची तारीख गेल्यावर आम्ही फोन करायला हवा होता. केला नाही. माझ्यामुळे राहिला तो. तुम्ही या. कधीही या, कुणी काही म्हणणार नाही."

त्या माणसानं घसा खाकरला. तो रागावेल, फोन आपटेल, वकिलाचं नाव काढेल, असं सगळं यादीवाल्यांच्या मनात येऊन गेलं. पण त्यानं विचारलं की सोमवार चालेल का. चालेल, यादीवाले म्हणाले, सकाळी नऊ वाजता, पहिला मजला, बारा नंबरची खोली.

"थांबा हं जरा," तो माणूस म्हणाला. "मुलीला बोलावतो. लिहून घ्यायला."

यादीवाले थांबले.